माहेरच्या वेशीपाशी अडलेली मोटार

त्या वैशाखात मी फार दमलो होतो. लढाईची वर्षं होती. पेट्रोल परमिटावर मिळायचं, टायर तर मिळतच नव्हते. फाटक्या टायरच्या आत दुसऱ्या टायरचे तुकडे कोंबून गाडी पळवायची. लग्नसराईमुळे आज या गावचं वऱ्हाड, उद्या त्या गावचं. पण कामानं जवान माणूस एवढा दमत नाही. रोज सकाळी उठलं की, ज्या वस्तूवर आपलं पोट आहे ती आज चालेल का, ही जी धाकधूक असते, तिनं मी दमलो होतो. बायको म्हणायची, "जेवताना तरी कान घरात ठेवत जा." माझे कान सदा त्या इंजिनाकडं.

गाडी माझी नव्हती. जालन्यातल्या एका शेठजींनी सिकंदराबादेहून जुनी घेऊन आणलेली, उघडी, कापडी टपाची मोटार. ती चालवायची, राखायची, आणि स्टेशनासमोरच्या लिंबाखाली भाड्याची वाट बघत उभं राहायचं, हे माझं काम. त्याआधीच्या हिवाळ्यात माझं उजवं मनगट मोडलं होतं. तेव्हा इंजिन चालू करायला मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून जोरानं फिरवावं लागे. इंजिनाच्या मनात आलं तर ते हँडल उलटं फेकी, आणि हात सुटला नाही तर हाड जाई. माझं गेलं. हाडवैद्यानं कामट्या लावून बांधलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्या हातानं तांब्या उचलता यायचा, स्टिअरिंगचं चाक धरता यायचं. हँडल मारणं मात्र संपलं.

म्हणून माझी सारी भिस्त सेल्फवर. सेल्फ म्हणजे इंजिनाच्या कडेला बसवलेली एक लहानशी विजेची मोटर. पायाखालचं बटण दाबलं की ती बॅटरीची वीज घेते आणि इंजिनाला गरकन फिरवून जागं करते. सेल्फ चालला तर मी ड्रायव्हर, नाही चालला तर लोखंडाच्या गाड्याशेजारी बसलेला एक हात मोडका माणूस.

त्या दिवशी सकाळी, ऊन अजून कोवळं होतं तेव्हा, एक शेतकरी माझ्याकडं आला. धोतर चुरगळलेलं, पटका डोक्याला न बांधता हातात धरलेला. वय माझ्याएवढंच असावं.

"मंठ्याच्या अलीकडं आमचं गाव आहे. येता का?"

"किती माणसं?"

"मी अन् माझी थोरली बहीण." तो थांबला. "अन् बायको आहे. दवाखान्यात होती. मुदतीचा ताप होता. पहाटं गेली."

तो आधी आमच्या ओळीतल्या बाकीच्या मोटारवाल्यांकडं जाऊन आला होता. त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आज मयत नेलं हे कळलं की उद्या नवरा-नवरी त्या गाडीत बसत नाहीत. मी हो म्हणालो. दया आली असं सांगायला बरं वाटलं असतं. पण समोरच्याच्या तोंडाकडं बघून नाही म्हणायलाही ताकद लागते, ती माझ्यात त्या सकाळी नव्हती.

दवाखान्यातून तिला चादरीत गुंडाळून आणलं. आडवं ठेवायला जागा नव्हती. मागच्या सीटवर नणंद बसली, तिनं भावजयीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पाय गुडघ्यात दुमडून कुशीवर निजवलं. चादर तोंडावरून घेतली होती, पण वाऱ्यानं सारखी सरकायची आणि नणंद ती पुन्हा पुन्हा सारखी करायची. नवरा माझ्याशेजारी पुढं बसला.

जालना–मंठा सडक तेव्हा मुरमाची. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधून बाभळी, आणि आमच्यामागं धुळीचा लोट. वाटूरच्या पुढं गेल्यावर नवरा म्हणाला, "सडकेपासून जरा आत तिचं माहेर आहे. काल रात्रीच एकाला सांगावा देऊन धाडलंय की लई बिमार आहे म्हणून. गेली ते त्यांना ठाऊक न्हाई. तिथं थांबावं लागन."

"उशीर होईल. ऊन चढून राह्यलं."

"माहेरचं लुगडं नेसवल्याबिगर कसं करायचं?"

सवाष्ण बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. मी चाक वळवलं. सडक सोडून बैलगाडीच्या चाकोरीत उतरताना एक मोठा धोंडा पुढच्या चाकाखाली आला आणि गाडी अशी आदळली की नणंदेच्या तोंडून "माय!" निघालं. तिनं मयताचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

बाहेरून आलेलं मयत गावात नेत नाहीत, म्हणून मी वेशीबाहेर पिंपळाखाली गाडी उभी केली. पाणी उकळून रेडिएटरच्या तोंडातून वाफ येत होती. पेट्रोलही थेंबाथेंबानं मोजून वापरायचं. दोन्ही कारणांनी मी इंजिन बंद केलं.

नवरा वेशीत गेला. काही वेळानं आतून जो आवाज उठला त्याचं मी वर्णन करत नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे. पुढं तिची आई पळत आली, मागं भाऊ, आणि मागं सारं गाव. आई ठेंगणी, सडपातळ, कपाळ मोकळं. तिनं मोटार आधी कधी जवळून पाहिली नसावी. दाराची मूठ तिला उघडता येईना. मी उतरून दार उघडलं. तिनं लेकीच्या तोंडावरची चादर काढली आणि तिच्या गालांवरून हात फिरवत राहिली. रडली नाही. "वाळली की गं," एवढंच म्हणाली.

घरात हिरवं लुगडं होतं. अखितीच्या सणाला लेक येईल म्हणून आणून ठेवलेलं. भावाच्या बायकोनं ते आणलं. बायकांनी गाडीभोवती गोल केला, पदरांचा आडोसा धरला आणि आतल्या आत तिला ते नेसवलं. कुंकू लावलं, ओटी भरली. मी पिंपळाच्या पलीकडं तोंड करून उभा होतो. मग नवऱ्यानं मला खूण केली, की निघू.

मी बसलो. पायाखालचं बटण दाबलं.

काही नाही. टक् आवाज नाही, हुंकार नाही. पुन्हा दाबलं. जसं दगडावर पाय ठेवावा तसं.

दमलेला माणूस डोक्यानं काम करत नाही, सवयीनं करतो. माझ्या सेल्फची एक जुनी खोड होती. त्याचं दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकून बसायचं. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागं-पुढं हलवली की ते सुटायचं. मी तेच केलं. उतरून खांदा लावला, गाडी हलवली, पुन्हा बसून बटण दाबलं. काही नाही.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"होईल. धक्का द्यावा लागेल."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मयताच्या गाडीला हात लावायचा की नाही, हा विचार त्यांच्या तोंडावर दिसत होता. तेव्हा तिचा भाऊ पुढं आला आणि त्यानं मागून दोन्ही तळवे टेकवले. त्याचं बघून बाकीचे आले. गाडी विहिरीपर्यंत ढकलत नेली, तिथून वळवून पुन्हा पिंपळापर्यंत आणली. मी गिअर टाकत होतो, सोडत होतो. इंजिन नुसतं ओझ्यासारखं फिरायचं. त्यात एक ठिणगी पेटली नाही. आत नणंद मांडीवरचं डोकं सांभाळत प्रत्येक हिसक्याला डोळे मिटायची. गाडी जिथून निघाली तिथंच येऊन थांबली. अगदी तिथंच, पिंपळाच्या त्याच मुळीपाशी.

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "माहेर सोडवंना तिला."

बस. तेवढंच वाक्य. ते गर्दीतून असं पसरलं की जणू सगळ्यांच्या मनात होतंच. बायकांनी डोळ्याला पदर लावले. आईनं मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडं, मग गाडीकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं त्याला मी समाधानच म्हणेन.

"तिलाच जायचं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या बाईला जायचं न्हाई."

भाऊ नवऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. घाम आणि धूळ, डोळे लाल. "दाजी, इथंच करू. लाकडं आमची, जागा आमची. तुमच्या शेतात काय अन् आमच्या शेतात काय? मायचा जीव तरी निवन."

नवरा जमिनीकडं बघत होता. बोलली ती नणंद, गाडीतूनच: "असं कसं इथंच करू? घरी दोन लेकरं आहेत. निघाली तवा सांगून आल्ती त्यांना, की जाऊन येते म्हणून. त्यांनी तोंडबी पाह्यचं न्हाई का?"

"लेकरांना आणता येतं!"

"कवा? उद्या? ह्या उन्हात मयत उद्यापर्यंत ठेवता का?"

"मंग तिची मर्जी मोडता का तुम्ही?"

आवाज चढले. कोणी नणंदेकडून, कोणी भावाकडून बोलायला लागलं. लहान पोरं गाडीच्या चाकांपाशी येऊन चिकटली होती. ती बाजूला व्हावीत म्हणून मी हॉर्न दाबला. विजेचा हॉर्न होता त्या गाडीला. तो वाजला नाही.

मी पुन्हा दाबला. नाही. समोरच्या दिव्याचं बटण फिरवलं आणि दिव्यावर पंजाची सावली धरून पाहिलं. दिवाही नाही.

आणि मग, त्या सगळ्या कालव्यात, माझं डोकं जरा चालू झालं. सेल्फ नाही, हॉर्न नाही, दिवा नाही. म्हणजे बिचाऱ्या सेल्फची काही खोड नव्हती. त्या गाडीत इंजिनातली ठिणगीही बॅटरीच्याच विजेवर पडायची. म्हणून तर धक्क्यानंही ती पेटली नाही. वीज जिथून निघते तिथंच काहीतरी अडलं होतं.

बॅटरी पुढच्या सीटसमोर, पायाखालच्या फळीखाली असायची. मी फळी उचलली. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. चाकूनं ती खरवडली, तारा घट्ट केल्या, बटण दाबलं. नाही. आता बॅटरीच मेली का, ते पाहायचं. मी लोखंडी पाना दोन्ही टोकांवर आडवा टेकवून झटकन उचलला. कडाड् करून निळीशार ठिणगी उडाली. सारी गर्दी मागं सरली. कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

बॅटरी जिवंत होती. तिच्यात ताकद होती, पण ती जायला वाट नव्हती.

मोटारीत वीज तारेतून जाते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत येते. सांगाड्याला बॅटरीशी जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते, वेणीसारखी. ती तुटली तर सगळंच बंद, कारण परतीचा रस्ता सगळ्यांचा एकच. पट्टीचं वरचं टोक जाग्यावर होतं. खालचं टोक पाहायला गाडीखाली जावं लागणार होतं.

मी पाने घेऊन खाली शिरलो. मुरूम भाजत होता. वरून तेलाचा गरम थेंब मानेवर पडला. चिखल आणि ग्रीसचा थर चाकूनं काढला तेव्हा पट्टी दिसली. बोल्टपाशी तुटलेली. बरेच दिवसांपासून एकेक तार झिजत आली असणार. शेवटच्या दोन-चार त्या धोंड्यावर आदळताना अर्ध्या तुटल्या असतील आणि इंजिन बंद होताना पुरत्या सुटल्या असतील. टोकं हिरवी पडली होती. एवढंसं काम. पण पट्टी आता तोकडी झाली होती, जवळच्या दुसऱ्या बोल्टला ओढून बांधावी लागणार होती, आणि तो बोल्ट गंजलेला. डाव्या हातानं मी जोर करून पाहिला. पाना निसटून बोटांची सालं गेली. उजव्या हातात जीव नव्हता. मी तसाच पडून राहिलो. खरं सांगतो, तिथं सावली होती, आणि क्षणभर मला वाटलं, इथंच डोळे मिटावेत. बाहेर ते भांडोत.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी सरपटत आलं. तिचा भाऊ.

"काय झालंय ते मला दाखवा."

मी दाखवलं. त्यानं तुटलेली वेणी बोटांत धरून पाहिली. "एवढ्यानं?"

"एवढ्यानं. दुसऱ्या बोल्टला बांधली तर चालू होईल. पण तो बोल्ट मला हलत नाही."

तो उताणा पडून वर बघत होता. आमच्या तोंडावर एक वीत अंतरावर गाडीचा तळ होता. वर नणंदेनं पाय बदलला असावा, फळी करकरली.

"बराबर आपल्या वर आहे ना ती?" त्यानं हळू विचारलं.

"होय."

मग माझ्याकडं तोंड न वळवता म्हणाला, "डायवर, एक बोलू का? न्हाई होत म्हणून सांगा. चालू होत न्हाई म्हणा. दाजी काही बोलणार न्हाई. अन् मोटारच बंद म्हणल्यावर त्यांची आक्का तरी काय करन? मायच्या मनासारखं होऊ द्या."

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच बोललो असतो. मी विचारलं, "लेकरं केवढाली आहेत?"

"थोरला सहा-सात वर्साचा. धाकटी अजून नीट बोलत न्हाई."

"तुम्हाला ओळखते?"

"ओळखती की. गेलो की खांद्यावरून उतरत न्हाई." त्यानं तोंड पलीकडं वळवलं.

मी म्हणालो, "हे बघा, मी मोटारीचं सांगू शकतो. वायर तुटली आहे अन् जोडता येती, एवढंच मला ठाऊक आहे. बाकी घरची माणसं तुम्ही. कोणी विचारलं तर मी वायरचंच सांगीन. पण बोल्ट माझ्यानं सुटत न्हाई, हे बिलकुल खरं आहे. पाना तुमच्यापाशी देतो."

मी पाना त्याच्या छातीवर ठेवला.

तो तसाच पडून राहिला. बाहेर पाय दिसत होते, अनवाणी, वहाणांतले, जोडव्यांचे. कोणीतरी म्हणत होतं की लाकडं तरी आणायला लागा. मी त्याच्याकडं बघत नव्हतो. मग पाना बोल्टावर बसल्याचा आवाज आला. त्यानं दात आवळून जोर लावला. गंजलेला बोल्ट किंचाळत सुटला. मी कानशीनं लोखंड घासून चकचकीत केलं, पट्टी ओढून धरली, आणि त्यानं बोल्ट पुन्हा आवळला. आणखी आवळला. गरज नव्हती इतका आवळला.

बाहेर येऊन तो अंगावरची माती न झटकताच आईसमोर बसला.

"माय, वायर तुटल्ती. जोडली."

"उगाच कशी तुटन?" आई म्हणाली. "इथंच कशी तुटन?"

"झिजल्ती आधीचीच. वाटेत धोंडा लागला अन् तुटली. मी हातात धरून पाह्यली, माय. बाकी काही न्हाई."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझ्याकडून दुसरं काही ऐकायचं होतं. मी म्हणालो, "वायरच होती, बाई."

तिच्या तोंडावरचं ते समाधान गेलं. मी ते जाताना पाहिलं. मग ती पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, जमिनीवर हात आपटून. लेक मेली हे तिला तेव्हा पटलं असावं. त्याआधी तिच्या लेखी लेक माहेरी थांबलेली होती.

कोणी तिला आवरलं नाही. नवरा पुढं येऊन सासूसमोर वाकला. "मामी," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं करू. तुम्हीच सांगा."

आईनं पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. "लेकरं वाट पाहून राह्यली असतीन," ती म्हणाली. "न्या." आणि उठता उठता म्हणाली, "मंग मीबी येते."

यावर पुन्हा कुजबुज झाली. आईनं मयताबरोबर लेकीच्या सासरी जायचं, तेही मोटारीत, हे कोणी ऐकलं नव्हतं. पण नणंदेनं गाडीतून आवाज दिला, "या, मामी. माझ्या जागी बसा." तिनं हळूच डोकं उचलून धरलं, स्वतः सरकत उतरली, आणि आई आत बसून लेकीचं डोकं मांडीवर घेती झाली. नणंद पुढं आली. नवरा तिच्या आणि माझ्या मधे बसला. भाऊ दाराखालच्या पायफळीवर उभा राहिला, टपाची दांडी धरून.

मी बटण दाबलं. सेल्फ गरकन फिरला, इंजिन एका झटक्यात पेटलं. इतकी वर्षं तो आवाज ऐकून मला सुटल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मात्र मान वळवून मागं बघायचं धाडस झालं नाही.

वाटेत आई लेकीशी बोलत होती. गाडीच्या घरघरीत नीट ऐकू येत नव्हतं. एकदा, चढावर इंजिन जरा मंद झालं तेव्हा, कानावर आलं, "...म्हशीला पारडी झाली, तुला सांगायचंच राह्यलं." नवऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी समोरच्या सडकेवरची नजर हलवली नाही.

त्यांच्या गावात आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावरून ढळला होता. घर वेशीलगतच होतं, म्हणून मयत गावात न्यावं लागलं नाही. मोटारीचा आवाज ऐकून माणसं जमली, आणि त्या माणसांच्या पायांतून ती धाकटी पळत बाहेर आली. तिनं मोटार कधी पाहिलेली नव्हती. ती थेट गाडीशी आली, तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला, चटका बसला तसा काढला आणि हसली. मामाला पायफळीवर पाहून तिनं दोन्ही हात वर केले. त्यानं तिला उचललं. तिला गाडीत बसायचं होतं, ती माझ्याकडं, त्या चाकाकडं बोट दाखवत होती. थोरला मात्र दारातच थांबला. त्याला कळलं होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि कोणी बोलावलं तरी जवळ येत नव्हता. शेवटी आजी गाडीतून उतरली, त्याच्यापाशी गेली, आणि हात धरून त्याला घेऊन आली.

पुढचं त्यांच्या घरचं. मी तिथं थांबलो नाही. नवऱ्यानं हात जोडले, भावानंही. परतताना एका ओढ्यात जरा पाणी होतं, तिथं मी गाडीची मागची सीट धुतली, अंघोळ केली, आणि ओल्या कपड्यांनीच निघालो. घरी आलो तर बायकोनं दारातच पाणी तापवून ठेवलं होतं. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी जेवलो आणि दिवस मावळायच्या आत झोपलो, तो दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर येईपर्यंत. कित्येक महिन्यांत तसा झोपलो नव्हतो. उठलो तेव्हा थकवा तेवढाच होता.

व्हायचं होतं ते झालंच. त्या सराईत उरलेली वऱ्हाडं दुसऱ्या गाड्यांकडं गेली. शेठजी कुरकुरले, मी ऐकून घेतलं. पाऊस लागला, सडका चिखलात गेल्या, मोटारी तशाही उभ्याच राहिल्या.

दिवाळीच्या सुमाराला तिचा भाऊ मला जालन्यात भेटला. कापसाच्या गाड्या घेऊन आला होता. त्यानंच मला लिंबाखाली ओळखलं. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला. मी आईचं विचारलं.

"माय तिकडंच आहे," तो म्हणाला.

"तिकडं म्हणजे?"

"त्या दिवशी गेली ती आलीच न्हाई. तेराव्याला आणायला गेल्तो. म्हणली, येते लेकरांचं जरा बघून. मंग पुन्हा गेलो, तवाबी तेच. लोक नावं ठेवतेत. सासू जावयाच्या घरी राह्यली म्हणून."

"अन् दाजी काय म्हणतात?"

"दाजीनंच तिला पडवीतली खोली सारवून दिली. त्यांची आक्का गेली आपल्या घरी. तिचा संसार आहे. मंग घरात बाईमाणूस कोण?" त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि प्यायलाच नाही. "धाकटी आता बोलून राह्यली. माझ्या मायलाच आई म्हणती. पहिल्यांदा म्हणली तवा मायनं हात उगारला. मंग जवळ घेतलं. आता म्हणू देती."

मी थोरल्याचं विचारलं. तो म्हणाला, थोरला गुरांकडं जातो, शाळेत जात नाही, कोणाशी फार बोलत नाही. पण आजीनं वाढल्याशिवाय ताटावर बसत नाही.

"तुम्हाला कसं वाटतं?" मी विचारलं. "आई तिकडं राहिली ते?"

त्यानं विचार केला. "घर ओकं झालं आमचं," तो म्हणाला. "माझी बायकोबी म्हणती, आणा त्यांना. पण मी जातो अन् तसाच येतो. माय तिथं दळून राह्यली असती, पोरगी तिच्या पाठीशी लोंबकळती. काय म्हणू मी तिला? चल म्हणू?"

बाहेर स्टेशनात गाडी येत असल्याची घंटा झाली. त्याला बैलांना पाणी दाखवायचं होतं, अंधार पडायच्या आत वाटेतला मुक्काम गाठायचा होता. आम्ही उठलो. त्यानं माझ्या वाकड्या मनगटाला हात लावून पाहिलं, जसं बैलाच्या खांद्याला लावतात, आणि विचारलं, "दुखतं का अजून?"

"थंडीत," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि बाजाराकडं निघून गेला. मी मोटारीपाशी आलो. फलाटावरून एक कुटुंब ट्रंका घेऊन बाहेर येत होतं. त्यांना अंबडला जायचं होतं.